घट

गुजरीत माझं दुकान, तिसरी पिढी.
काचेच्या पेटीत काटा. त्याला वारा चालत नाही,
म्हणून आधी पंखा बंद करायचा, मग बोलायचं.

रुकय्या मुजावर पहिल्यांदा आली तेव्हा वाटलं,
आईची नथ मोडायला आली असेल.
तिनं पत्र्याची चपटी डबी उघडली
आणि काउंटरवर शिसं ओतलं.
"काका, एकेक तोलून द्याल? पाचशे आहेत."

शिसं! सोन्याच्या ताटलीत!
आमचे वडील असते तर डबी रस्त्यावर गेली असती.
मी चिमट्यानं एक छर्रा उचलला.
सपाट डोकं, बारीक कंबर, खाली परकरासारखा घेर.
कारागिरी म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती.
वजन चार गुंजा, वर थोडं.

दुसरा. तिसरा. शंभरावा.
मी आकडा सांगायचा, ती वाटी बदलायची.
घेर चेपलेला दिसला की बाद.
एक बाई आल्या मंगळसूत्र वाढवायला,
म्हटलं, थांबा जरा, इथं माप चाललंय.

अब्बा तिचे उद्यमनगरात लेथवर.
त्यांनी नळीला बसेल अशी पितळेची कडी कातून दिली,
वीस ग्रॅम. तिला जड वाटली. अठरा केली.
चार दिवसांनी म्हणाली, "वीसच बरी होती."
मुजावर काही बोलले नाहीत,
नवं पितळ चकमध्ये बांधलं.
गालाखालची पट्टी एक सूत वर,
खांद्याची पाटी अर्धं सूत आत.
घोडा तर असा हलका, की ती म्हणते,
"मनात आलं की सुटतो, काका.
म्हणून मनात काही आणायचं नाही."

एका रविवारी मला दुधाळीला घेऊन गेली.
बंदूक शिकंज्यात आवळलेली.
हात नाही, खांदा नाही, श्वास नाही कुणाचा.
पाच प्रकारचे छर्रे, प्रत्येकाचे दहा-दहा.
मी तोललेले मखमली बटव्यातून नेले होते,
लग्नाचा ऐवज न्यावा तसे.
ती व्हर्निअर लावून भोकं मोजत होती.
माझे: साडेपाच मिलिमीटर.
महागडी जर्मन डबी: पाच पॉइंट आठ.
आणि झाकण पोचलेली एक,
कुणाची तरी उरलेली, कुणीच न तोललेली:
दहा छर्रे, एकच भोक, चार पॉइंट नऊ.

माझं तोंड उतरलं असणार.
"तुमचं वजन बरोबरच होतं," ती म्हणाली,
"पण नळीला काय पटतं, ते नळीलाच विचारावं लागतं.
गुळाचं एक आधण दुसऱ्यासारखं निघतं का?"
चाळीस वर्षं लोकांच्या लग्नाचे दागिने घडवतोय,
हे इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच आधणाच्या डब्या तिनं शोधल्या.
हुबळीला सात निघाल्या, सातही घेतल्या,
पैसे अब्बांच्या भिशीचे.

मग शिकंजा सोडून बंदूक तिनं खांद्याला लावली.
लावण्याआधी क्षणभर थांबली.
"बंदुकीची चूक काढली, काका. छर्र्याची काढली.
आता जी उरेल ती सगळी माझी."
मला ती त्या दिवशी पहिल्यांदा भ्यालेली दिसली.

दोन्ही कागद मी मागून घेतले.
सवय म्हणा, नेताना तोलून ठेवले होते.
रात्री शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला.
आम्ही सोनार आगीत गेलेल्या मालाची घट धरतो,
ही भोकांची.
शिकंज्याचा कागद: घट चार मिलिग्राम.
रुकय्याचा: नऊ.
मधले पाच तिचे स्वतःचे,
धडधडीचे, पापणीचे, आणखी कशाकशाचे,
त्याला कस लावता येत नाही.
वहीत लिहिलं. भावाचा रकाना कोरा सोडला.

काल ती नवा कागद घेऊन आली.
दुकानात गर्दी होती, उकडत होतं.
पंखा बंद केला.

आठ.